जुन्या इमारतीच्या दारात

एप्रिल संपत आला, दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलं, की ते प्रकरण आजही माझ्यासमोर येऊन बसतं. खून नाही, दरोडा नाही. वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. गाजलेल्या तपासांतही मी होतो, पण त्यांतले आरोपी उद्या समोर येऊन उभे राहिले तर ओळखणार नाही. या प्रकरणातलं मात्र सगळं आठवतं, अगदी त्या खोलीतल्या गारव्यासकट. पहाटेचं स्वप्न दिवसभर अंगावर राहतं ना, तसं काहीसं.

मी मूळचा सांगलीकडचा. शेवटची नेमणूक धुळे-जळगाव पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात, निरीक्षक म्हणून. हद्दीत एक विद्यापीठ होतं. त्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. ती सगळी साधी माणसं आहेत आणि त्यांना तसंच राहू द्यावं. आवार मोठं होतं. समोर काचेच्या नव्या इमारती, आणि मागे कडुनिंबांच्या आड एक जुनी दगडी इमारत. तीन खोल्या, पुढे लांब ओटा, वर कौलं. विद्यापीठात तिला सगळे ‘स्टोअर’ म्हणत. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, की आवाराचं बांधकाम चालू असताना अभियंत्यांचं कार्यालय इथे होतं, मग पहिले वर्ग इथे भरले, मग ग्रंथालय, मग भांडार. त्याआधी ती कोणी बांधली, याबद्दल पुस्तिकेत अक्षर नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. पोलिसाला इमारतीचं दार आणि कुलूप दिसतं, बाकी काही दिसत नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आधी माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांची चळत आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस खातात आणि झोपतात. इथे मात्र निम्मं ठाणं रजा मागत होतं. माझा पारा चढला. “दिवाळी आहे काय?” म्हणून मी हजेरीतच सगळ्यांना झापलं. ठाण्यात पहूरची एक महिला शिपाई होती, नुकतंच लग्न झालेली, कामाला चोख. तिचाही अर्ज होता: ‘लग्नानंतरची पहिली आखाजी, माहेरी जाणे आहे.’ मी लाल शाईनं ‘नामंजूर’ लिहिलं आणि सही ठोकली. ती “हो सर” म्हणाली आणि वळली. तिचे डोळे मी पाहिले नाहीत. पाहिले असते तरी मला काही कळलं असतं असं नाही.

आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे प्रमुख घामाघूम होऊन ठाण्यात आले. परीक्षा चालू होत्या. लिहून झालेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा कमी पडली, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच ते जुन्या इमारतीच्या पुढच्या दोन खोल्यांत ठेवले होते. बाहेरच्या दाराला कुलूप, कुलपावर सह्यांची कागदी पट्टी चिकटवलेली. त्या दिवशी सकाळी गठ्ठे न्यायला गेलेल्या कारकुनाला पट्टीवर लाल मुंग्यांची रांग दिसली.

“मुंग्यांचं काय?” मी म्हणालो.

“साहेब, आम्ही पट्टी डिंकानं चिकटवतो. ही खळीनं चिकटवलेली आहे. कणकेच्या खळीनं. मुंग्या उगीच येतात का? कोणीतरी पट्टी सोडवली, आत गेलं आणि पुन्हा लावून ठेवली.”

माणूस हुशार होता आणि घाबरलेलाही. उत्तरपत्रिका बदलल्याचा संशय आला असता, तर शेकडो पोरांचे निकाल अडकले असते. त्याच दुपारी आम्हाला खबरही मिळाली. आवारातल्या चहाच्या टपरीवाल्यानं फोन केला. म्हणाला, “साहेब, आखाजीच्या दिवशी भर दुपारी सात-आठ बाया त्या स्टोअरमध्ये गेल्या. जाताना हातात भरलेल्या पिशव्या होत्या. तासाभरानं निघाल्या त्या रिकाम्या हातानं.”

आता तुम्हीच सांगा, भरल्या पिशव्या आत आणि रिकामे हात बाहेर, याचा पोलीस काय अर्थ लावणार? घरी लिहिलेल्या उत्तरपत्रिका आत नेऊन ठेवल्या, सरळ हिशेब. मी मनात तर टोळीसुद्धा उभी केली. त्या दिवशी स्थानिक सुट्टी होती, आवार रिकामं. चावी दोघांकडे: एक परीक्षा विभागात, दुसरी इमारतीच्या जुन्या शिपायाकडे. त्याला सगळे ‘नाना’ म्हणत. जूनमध्ये निवृत्त होणार होता.

नानाला बोलावून घेतलं. उंच, वाळका, खादीची टोपी, स्वच्छ धुतलेला गणवेश. खुर्ची दिली तर तिच्या कडेवर टेकला. मी विचारलं, “पट्टी कोणी सोडवली?”

“मी सोडी,” तो म्हणाला. “चहाच्या किटलीच्या वाफेवर. परत लावाले खळ केली.”

इतकी वर्षं नोकरी केली, पण पहिल्या प्रश्नाला असं उत्तर देणारा माणूस मला भेटला नव्हता. मी सरसावून बसलो. आत कोण गेलं? गप्प. पिशव्यांत काय होतं? गप्प. बाया कोण? तोंडातून चकार शब्द नाही. मी समजावलं, मग आवाज चढवला, मग टेबलावर हात आपटला. “नाना, दोन महिन्यांवर निवृत्ती आहे. चोर म्हणून घरी जायचंय का? शेवटच्या दिवशी हार नाही, बेड्या पडतील!” असंही बोललो. ते वाक्य आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. एक गोष्ट मला माहीत होती: खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, आणि गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. संध्याकाळी त्याला घरी सोडताना त्यानं एकच प्रश्न विचारला.

“साहेब, कुलूप बदलशात का?”

नोकरीचं नाही, बेड्यांचं नाही, याला कुलपाची काळजी! मी वैतागून म्हणालो, “बदलणारच.” त्यावर त्यानं मान हलवली आणि चालू लागला. पाठीमागून तो एकदम फार म्हातारा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन आम्ही इमारतीत गेलो. बाहेर ऊन पेटलेलं होतं, पण उंबरा ओलांडला आणि गारवा लागला. हात-हातभर जाडीच्या दगडी भिंती, कौलांच्या फटींतून खाली आलेले उन्हाचे कवडसे, जुन्या कागदांचा वास. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळे हळू बोलायला लागलो. गठ्ठे मोजले. सगळे जागच्या जागी, प्रत्येक गठ्ठ्याची सुतळी आणि लाख शाबूत. एकालाही हात लागलेला नव्हता. परीक्षा विभागाचे प्रमुख भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आम्ही तिसऱ्या, आतल्या खोलीत गेलो. तिथे काहीच नव्हतं. मी म्हणालो, “रिकामी आहे, लिहा.”

“सर, थांबा,” मागून आवाज आला.

ती पहूरची शिपाई फरशीवर उकिडवी बसली होती. इकडचं पाणी जड, वाळलं की पांढरा डाग सोडतं. कोपऱ्यात फरशीवर एक गोल पांढरी कडा उमटलेली होती. तिच्याखाली आणखी एक, पुसट. त्याच्याखाली आणखी. गोलावर गोल, वर्षानुवर्षांचे, एकाच जागी. तिनं बाजूला पडलेल्या दोन-चार बिया उचलल्या, तळहातावर घेतल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “डांगराच्या बिया आहेत. इथे घागर भरली आहे, सर.”

“म्हणजे काय?”

तिनं सांगितलं. आखाजीला घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठेवतात, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आणि लेकी माहेरी येतात. लांब कुठेही दिलेल्या असोत, आखाजीला माहेरीच. कडुनिंबाला झोके बांधतात. “पण घागर आपल्या घरात ठेवतात, सर. अशा गोदामात कोणी ठेवत नाही.” मग म्हणाली, “मी या वर्षी गेले नाही ना, म्हणून मला लगेच दिसलं.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी रागावून मोकळा झालो असतो. त्या गार खोलीत मला घाम फुटला.

त्या दुपारी ठाण्यात एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, नऊवारी, हातात काठी. सावद्याहून दोन बस बदलून आली होती. नानाला पोलिसांनी नेलं, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ठाणे अंमलदारानं थांबवायचा प्रयत्न केला, पण ती सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“घागर मी भरी. माले धर.”

आमच्या शिपाईनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ‘अक्का’ म्हणून तिच्याशी बोलायला लागली. मग अक्का बोलत गेली आणि मी ऐकत गेलो. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराची लेखणी मध्येच थांबली होती, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

विद्यापीठ जिथे आहे तिथे पूर्वी एक गाव होतं. जमीन घेतली गेली, मोबदला मिळाला, घरं उठली, माणसं चार ठिकाणी पांगली. ती दगडी इमारत म्हणजे गावाची शाळा. सरकारनं बांधलेली नव्हे. गावातल्या प्रत्येक घरानं आपल्या बैलगाडीनं नदीतून दगड आणला होता, कोणाकडे गाडी नव्हती त्यानं डोक्यावरून. सकाळी शाळा भरायची. लग्नसराईत तिथेच वऱ्हाड उतरायचं, पंचायतही ओट्यावरच बसायची. गाव उठलं तेव्हा ठेकेदाराला सिमेंट ठेवायला जागा हवी होती, म्हणून तेवढी इमारत पाडायची राहिली. नाना त्याच गावचा. जमीन गेली म्हणून त्याला शिपायाची नोकरी मिळाली. ज्या खोलीत तो पाटी घेऊन बसला, त्याच खोलीची चावी पुढे जन्मभर त्याच्या कमरेला होती.

“बठ्ठा गाव उठी गया, भाऊ,” अक्का म्हणाली. “आंडेरनी जावानं कथा?”

आंडेर म्हणजे लेक. सगळं गाव उठलं, लेकीनं जायचं कुठे, असं ती विचारत होती. ज्या मुली गाव उठण्याआधी लग्न होऊन गेल्या होत्या, त्यांचे आईबाप पुढे वारले, भाऊ सुरतेला, नाशिकला गेले. आखाजी आली की सासरच्या जावा-नणंदा माहेरी जायच्या आणि या मात्र सासरीच बसून राहायच्या. मग एका वर्षी अक्का एकटीच इथे आली आणि कडुनिंबाखाली बसली. नानानं तिला पाहिलं. दार उघडलं आणि दारात उभं राहून म्हणाला, “उनी का बहीन?” आलीस का बहिणी, असं माहेरच्या दारातला भाऊ विचारतो तसं. पुढच्या वर्षी तिघी आल्या. मग सात-आठ. इमारतीत कागद असतात म्हणून नाना आत विस्तव पेटवू देत नसे, विस्तवावर टाकायचा नैवेद्याचा घास बाहेर ओट्याखाली. घागर मात्र आत. पिशव्यांत मडकी होती, डांगर होतं, पुरणाचे मांडे होते. सगळं तिथेच ठेवून त्या रिकाम्या हातानं परत जायच्या, आणि संध्याकाळी नाना घागर उचलून सगळं आवरायचा.

“मग त्यानं मला सांगितलं का नाही?” मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं अडाण्याकडे पाहतात. “नावं सांगी देता, तर तू गाडी धाडी असती. पोरीस्ना सासरले पोलीस जाता. मंग?”

मग काय? मग त्या बायांना सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती. खरंच, मी गाडी पाठवलीच असती. नानानं स्वतःच्या अंगावर चोरीचा डाग घ्यायची तयारी केली होती, पण एका बाईचं नाव घेतलं नव्हतं. आणि कुलूप बदललं तर पुढच्या आखाजीला त्या दाराबाहेर उन्हात उभ्या राहतील, एवढीच त्याला भीती होती.

कायद्याचं म्हणाल, तर पट्टी सोडवणं चूक होतंच. नानानंही ते नाकारलं नाही. मी अहवालात खरं तेच लिहिलं: गठ्ठे शाबूत, चोरी नाही, फसवणुकीचा हेतू नाही, दखलपात्र गुन्हा होत नाही. बाया कोण होत्या, तर ‘पूर्वीच्या गावच्या माहेरवाशिणी’. एवढंच. नावं मी शेवटपर्यंत लिहिली नाहीत. परीक्षा विभागाचे प्रमुख भले निघाले. “निकाल अडकत नाहीत ना? मग माझी तक्रार नाही,” म्हणाले. विद्यापीठानं नानाला लेखी ताकीद दिली आणि जूनमध्ये रीतसर निरोप दिला. हार मी स्वतः घातला.

पण त्याआधी एक काम मी कोणी न सांगता केलं. तलाठ्याकडून गावाचा जुना नकाशा मिळवला आणि एका रविवारी सकाळी तो हातात धरून आवारात फिरलो. सायकल स्टँडच्या जागी कुंभाराचं घर होतं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी विहीर. जिथे पोरं-पोरी गाड्या लावून गप्पा मारत होत्या, तिथून गुरं पाण्यावर जायची वाट होती. मी वाटेवर थांबलो की बाजूच्या भिंती विरघळून जायच्या आणि शेणानं सारवलेली अंगणं दिसायला लागायची. वेड लागलं म्हणा. दोन विद्यार्थ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता आणि त्यात फिकट शाईनं ‘शाळा’ लिहिलं होतं. तो नकाशा मी कुलसचिवांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, “आमच्या पुस्तिकेत हे नाही.” मी म्हणालो, “मग पुस्तिका बदला की साहेब.” बदलली त्यांनी. भिंतीवर फलकही लावला, गावाच्या नावाचा. गठ्ठे दुसरीकडे हलले आणि आखाजीला दार उघडं ठेवायचं ठरलं.

आमच्या शिपाईला मी पुढच्या आखाजीला चार दिवसांची रजा दिली. तिनं मागितली होती दोन दिवसांची. ती परत आली तेव्हा माझ्या टेबलावर सांजोऱ्यांचा डबा ठेवून गेली. मी माफी मागायची असं महिनाभर ठरवत होतो, पण जमलं नाही. डबा रिकामा करून, धुऊन परत दिला, तेवढंच.

मग मी निवृत्त झालो आणि धुळ्यातच स्थायिक झालो. नाना निवृत्तीनंतरही दर आखाजीला जाऊन दारात उभा राहायचा. तिसऱ्या वर्षी माघात तो गेला. त्या आखाजीला मला घरात चैन पडेना. मी बसनं आवारात गेलो आणि लांब एका कडुनिंबाखाली बसलो. दुपारची वेळ, पानही हलत नव्हतं, कुठेतरी झोक्याचा दोर करकरत असल्यासारखं वाटत होतं. दार सताड उघडं होतं. सुरक्षारक्षक चावी खिशात घालून गेटकडे निघून गेला होता. बाया आल्या, सगळ्यांत पुढे अक्का. आणि ओट्यापाशी येऊन थांबल्या. कोणी वर चढेना. मला कळेना, दार तर उघडं आहे, मग या उन्हात का उभ्या? एकीनं पदर डोळ्यांना लावला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दार उघडं असून काय करता, दारात कोणी नव्हतं.

आयुष्यभर मी लोकांना दारात अडवलं आहे, दारं ठोठावली आहेत, दोन-चार तर लाथेनं उघडली आहेत. कोणाची वाट बघत दारात उभं राहणं, हे काम मला कधी पडलंच नव्हतं. पोलिसाच्या नोकरीनं मला माणसं ओळखायला शिकवलं असं मी समजत होतो. छे! ठशांवरून माणूस कोण हे कळतं. तो कशासाठी आला होता, हे मला त्या फरशीवरच्या गोल डागांनी आणि मी रजा नाकारलेल्या एका पोरीनं शिकवलं.

मी उठलो, डोक्यावर नानासारखी टोपी नव्हती, तसाच जाऊन ओट्यावर चढलो आणि दारात उभा राहिलो. माझ्या सांगलीच्या जिभेनं कसंबसं म्हणालो, “उनी का बहीन?”

अक्का हसली, अगदी तोंड भरून. “बोलता नही येत तुले,” म्हणाली. “पन ऱ्हाय उभा.”

तेव्हापासून आखाजीला मी दुसरं कुठलंच निमंत्रण घेत नाही. यंदाही जाणार आहे. अक्काला आता चालवत नाही, तिचा नातू तिला रिक्षानं आणतो. रिक्षा ओट्यापाशी थांबते, आणि उतरण्याआधी ती डोकं बाहेर काढून बघते, दारात कोणी आहे का.

मी असतो.